अकरावीला कॉम्प्युटर घेणाऱ्याला जीवशास्त्र सोडायला लावू नका

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. मुलाला कॉम्प्युटरमध्ये जायचंय, म्हणजे सायन्स. सायन्समध्ये बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख, कॉम्प्युटर सायन्स मिळालं तर उत्तमच, कारण विषय २०० मार्कांचा आणि मार्क देणारा. ते घेतलं की दुसरी भाषा सुटते आणि बरोबर आणखी एक विषय सुटतो. तो विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो. ‘डॉक्टर थोडंच व्हायचंय, बायो कशाला ठेवायचं?’ असं पालक म्हणतात, क्लासवाले म्हणतात आणि शिक्षकही मान डोलावतात. इंजिनिअरिंगच्या सीईटीला पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) पुरतं. वरवर पाहता हिशेब चोख आहे.

मला तो मान्य नाही. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ओढीने आपण सोळा वर्षांच्या मुलाला जीवशास्त्र सोडायला सांगतो, त्याच क्षेत्रातले सगळ्यांत खोल आणि अजून न सुटलेले प्रश्न जीवशास्त्राच्या दारात उभे आहेत. त्यातला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, तो असा: न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींच्या (न्यूरॉनच्या) धर्तीवर संगणकात केलेलं जाळं, बांधण्याऐवजी वाढवता येईल का?

यावर तीसेक वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे. नेहमीच्या पद्धतीत नेटवर्कचे थर किती, कुठला थर कुठे जोडायचा, हे इंजिनिअर ठरवतो आणि मग भरपूर डेटा देऊन जोडण्यांची वजनं, म्हणजे कुठली जोडणी किती जोराची हे सांगणारे आकडे, शिकवतो. या दुसऱ्या पद्धतीत एक छोटा कृत्रिम जीनोम, म्हणजे सजीवाच्या जनुकसंचासारखा मजकूर, घेतात. त्यात नेटवर्कचा नकाशा नसतो, वाढीचे नियम असतात. त्या नियमांप्रमाणे एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, त्यांना फांद्या फुटतात, फांद्या एकमेकींना जाऊन मिळतात, काही जोडण्या गळून पडतात. असं वाढलेलं जाळं कामाला लावून बघतात. ज्यांचं काम बरं झालं त्यांचे जीनोम किंचित बदल करून पुढच्या पिढीला देतात. उत्क्रांती आणि गर्भविकास अशा दोन्ही गोष्टी संगणकात घडवायच्या, असा हा खटाटोप आहे.

तो करायचा कशासाठी, हे समजायला एक गणित पुरेसं आहे. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि ती चारच प्रकारची. एका अक्षराला २ बिट धरले तर सगळा मजकूर ६०० कोटी बिटांचा, म्हणजे साधारण ७५० एमबी. मोबाइलमध्ये सहज मावेल एवढा. आता मेंदूकडे बघा. सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आणि त्यांच्यात अंदाजे १०० लाख कोटी जोडण्या. एकेक जोडणी कुठल्या न्यूरॉनकडे जाते एवढंच लिहून ठेवायचं म्हटलं तरी दर जोडणीला ३७ बिट लागतात. गुणाकार करा. जीनोममध्ये आहे त्याच्या सुमारे सहा लाख पट जागा हवी. शिवाय त्याच जीनोमकडून यकृत, हाडं, कातडी, दात हे सगळंही घडवून घ्यायचंय. तेव्हा मेंदूच्या जोडण्यांची यादी जीनोममध्ये असणं शक्यच नाही. तिथे आहेत ते वाढीचे नियम.

जोडण्या जन्मानंतर अनुभवातूनच जुळत असतील, असं कुणी म्हणेल. त्याने पावसाळा सरत आला की येऊरला एक फेरी मारावी. जंगलातल्या वाटेवर झाडांच्या मधे जायंट वुड स्पायडरची जाळी ताणलेली दिसतात, चांगली मीटरभर रुंद. मध्यापासून निघणारे ताणाचे धागे कोरडे आणि त्यांच्यावरून गोल फिरणारा धागा चिकट. आधी काय विणायचं आणि मग काय, दोन फेऱ्यांत अंतर किती ठेवायचं, हे त्या कोळ्याला कुणी शिकवलेलं नसतं. इवल्याशा मेंदूच्या घडणीतच ते आलेलं असतं. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतले मेंदूशास्त्रज्ञ अँथनी झेडोर यांनी २०१९ मध्ये हाच मुद्दा लावून धरला. प्राण्यांचं बरंचसं वागणं जन्मजात रचनेतून येतं आणि ती रचना जीनोमच्या अरुंद गळ्यातून पार व्हावी लागते, असं त्यांचं म्हणणं. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने हे करूनही दाखवलं. मोठ्या नेटवर्कची वजनं एका लहान ‘जीनोम’ नेटवर्ककडून तयार करून घेतली, तर मजकूर कितीतरी पटींनी कमी होतो आणि तयार झालेलं जाळं जवळजवळ न शिकवताही बरंच काम करतं.

संगणक आणि जीवशास्त्र यांची ही गाठ नवी नाही. १९५० मध्ये संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणिती ॲलन ट्युरिंग यांनी विचारलं होतं की प्रौढ माणसाच्या मनाची नक्कल करण्यापेक्षा लहान मुलाच्या मनाची नक्कल करणारं यंत्र का बनवू नये? त्याच निबंधात त्यांनी या मूल-यंत्राची रचना म्हणजे आनुवंशिक द्रव्य आणि तिच्यातले बदल म्हणजे म्युटेशन, अशी जोडी लावून दिली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांनी गर्भविकासावर निबंध लिहिला. दोन रसायनं एकमेकांवर क्रिया करत वेगवेगळ्या वेगाने पसरली, तर एकसारख्या पेशींच्या समूहात ठिपके आणि पट्टे आपोआप उमटू शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवलं. आपल्याकडच्या अकरावीच्या प्रवेशखिडकीवर ट्युरिंग उभे राहिले असते तर त्यांना यातला एकच निबंध लिहिता आला असता.

जीवशास्त्र माहीत नसलेल्या प्रोग्रामरचं इथे नेमकं कुठे अडतं? एक उदाहरण घेतो. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जिवंत कृमीतल्या एकेका पेशीची विभागणी पाहिली आणि कागदावर उतरवली. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत या कृमीच्या देहात १,०९० पेशी जन्माला येतात. त्यांपैकी १३१ ठरलेल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. उरलेल्यांत ३०२ न्यूरॉन. कुठल्या पेशीने मरायचं हेसुद्धा दर कृमीत ठरलेलं. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. आता याच्या शेजारी कोंबडीचं किंवा माणसाचं पिल्लू ठेवा. तिथे अनेक भागांत न्यूरॉन गरजेपेक्षा जास्त जन्मतात, ज्या पेशींपर्यंत त्यांना पोचायचं असतं तिथून मिळणाऱ्या पोषक द्रव्यासाठी त्यांच्यात चढाओढ होते आणि ज्यांना ते पुरेसं मिळत नाही ते मरतात. अशा पहिल्या द्रव्याच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६ चं नोबेल मिळालं.

पेशी दोन्हीकडे मरतात, पण एकीकडे मरण वंशावळीने ठरलेलं आहे आणि दुसरीकडे शेजाऱ्यांच्या चढाओढीने. संगणकात जाळं वाढवताना यातली कुठली तऱ्हा घ्यायची? पहिली घेतली तर जाळं दर वेळी तंतोतंत तेच येईल. दुसरी घेतली तर न्यूरॉनची संख्या कामाच्या मापाने आपली आपण जुळेल. ही निवड कोडिंगच्या कौशल्याने होत नाही. दोन तऱ्हा आहेत हे आधी माहीत असावं लागतं, आणि ज्याने दहावीनंतर पेशी हा शब्दच ऐकला नाही त्याला तो प्रश्न पडणार कसा?

आता जाळं वाढतं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते बघू. जपानचे हिरोआकी किटानो यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत चौकटीच्या वहीत पेन्सिलने करता येते. एका चौकटीत ‘क’ लिहा. नियम असा की क च्या जागी दोन ओळी आणि दोन स्तंभांत चार अक्षरं येतात: वर ख, ग आणि खाली ग, घ. ख, ग, घ यांचेही असेच आपापले नियम. एका फेरीत चार चौकटी होतात, दुसऱ्या फेरीत सोळा, तिसऱ्या फेरीत चौसष्ट. शेवटी प्रत्येक अक्षराच्या जागी ० किंवा १ येतो. तिसऱ्या ओळीत पाचव्या स्तंभात १ आला, तर तिसऱ्या न्यूरॉनकडून पाचव्याकडे जोडणी आहे. झालं नेटवर्क. पाच फेऱ्यांत १,०२४ चौकटी, दहा फेऱ्यांत १०,४८,५७६. नियम मात्र पहिल्याइतकेच, मूठभर. आता मधल्या एका नियमात एकच अक्षर बदला आणि पुन्हा पहिल्यापासून करा. बदल एका चौकटीत राहत नाही, तो पानभर ठिकठिकाणी एकाच आकृतीत उमटतो. शरीरातही एका जनुकातल्या बदलाने दोन्ही हातांची बोटं सारखीच बदलतात, ते याच जातीच्या कारणाने. अकरावीच्या वर्गात फळ्यावर ही पद्धत एका तासात शिकवता येईल आणि त्याच तासात दोन विषयांचे शिक्षक बोलू शकतील.

या क्षेत्राबद्दल फुशारकी मारायचं मात्र कारण नाही. १९९८ मध्ये सिद्दिकी आणि लुकास यांनी किटानोंच्या पद्धतीची साध्या, थेट जोडण्या लिहिणाऱ्या पद्धतीशी पुन्हा तुलना केली आणि थेट पद्धत काही मागे पडत नाही असं त्यांना दिसलं. केनेथ स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २००९ ची हायपरनीट ही पद्धत खूप गाजली. तीत लहान जीनोममधून मोठं, सममिती असलेलं जाळं निघतं. पण जेफ क्लून आणि इतरांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की प्रश्नात जितकी नियमितता, तितकी ही पद्धत सरस. प्रश्न वेडावाकडा झाला की ती अडखळते. दरम्यान बाजी मारली बॅकप्रोपगेशनने, म्हणजे उत्तरातली चूक मागे नेत वजनं थोडी थोडी सुधारण्याच्या पद्धतीने. २०२० च्या जीपीटी-३ या भाषा-मॉडेलमध्ये १७,५०० कोटी वजनं आहेत, आणि त्यांतलं एकही गर्भविकासाच्या नक्कलेतून आलेलं नाही.

मग या वाटेला का जायचं, हा आक्षेप रास्त आहे. मला त्याचं उत्तर असं दिसतं. जी वाट संगणकात अजून नीट जमलेली नाही, तीच वाट पृथ्वीवर रोज लाखो वेळा यशस्वी होते. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात आज जन्मलेल्या बाळाचा मेंदू तसाच वाढला आहे आणि मोठेपणी तो साधारण २० वॅटवर, घरातल्या एका एलईडी ट्यूबच्या विजेवर, चालणार आहे. निसर्गात जमतं आणि आपल्या नकलेत जमत नाही, म्हणजे नक्कल करताना आपण काहीतरी महत्त्वाचं गाळलं आहे. काय गाळलं, हे शोधणं हाच खरा संशोधनाचा विषय. स्टॅन्ली आणि रिस्टो मिक्कुलाइनेन यांनी २००३ मध्ये या सगळ्या पद्धतींचं वर्गीकरण केलं, तेव्हा त्यांनी कसोट्या घेतल्या त्या जीवशास्त्रातूनच. पेशीचं भवितव्य कसं ठरतं? न्यूरॉनचा तंतू आपलं ठिकाण कसं गाठतो? वाढीतल्या घटनांची वेळ मागेपुढे होऊ शकते का? थोडा धक्का बसला तरी वाढ आपल्या मार्गावर टिकते का? नवी जनुकं जोडली जाऊन जीनोम लांबतो का? हे प्रश्न कुठल्याही प्रोग्रामिंगच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

यातला चौथा, धक्का सोसून वाढ टिकण्याचा, प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो. २०२० मध्ये अलेक्झांडर मोर्डविंत्सेव्ह आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या पडद्यावर एका ठिपक्यातून पालीचं छोटं चित्र वाढवलं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी, सगळ्यांचा नियम एकच, आणि तो नियम सुमारे ८,००० आकड्यांत मावणारा. प्रत्येक पेशी फक्त शेजाऱ्यांकडे बघते. वाढीच्या सरावात मोडतोडही घातली, तेव्हा अर्धी पाल पुसून टाकली तरी उरलेल्या पेशी ती पुन्हा भरून काढू लागल्या. हा नियम शोधला गेला बॅकप्रोपगेशननेच, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र नांदू शकतात. आणि या शोधनिबंधाच्या लेखकांत गूगलच्या अभियंत्यांबरोबर मायकेल लेव्हिन आहेत, अवयव पुन्हा कसे उगवतात याचा अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ. असा निबंध आपल्याकडून निघायचा तर असे दोन लोक आपल्याकडे एका टेबलाशी बसायला हवेत. आपण त्यांना पंधराव्या-सोळाव्या वर्षीच वेगळं करतो.

इथे पैशाचा मुद्दा येतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया-एआय मिशनला मंजुरी दिली, १०,३०० कोटींहून अधिक रुपयांची. त्यातला सगळ्यांत मोठा वाटा संगणनशक्तीसाठी, म्हणजे हजारो जीपीयूंसाठी (एआयला लागणाऱ्या वेगवान चिपांसाठी) आहे. जीपीयू नकोत असं मी म्हणत नाही. पण ऐरोली, रबाळे, महापे इथल्या लोकांना या एकाच दिशेच्या धावेचं रूप रोज दिसतं. ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलं की एमआयडीसीच्या पट्ट्यात एकामागून एक खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात, शेजारी स्वतंत्र वीज उपकेंद्रं, गच्चीवर थंड हवेची अजस्र यंत्रं. जमीन आपली, वीज आपली. त्या इमारतींमध्ये चालणाऱ्या मॉडेलचा विचार मात्र इथे झालेला नसतो. कंपन्या जिथे फायदा दिसतो तिथे पैसा लावणार, तो त्यांचा धर्मच आहे. सार्वजनिक पैशाने त्याच रांगेत मागे उभं राहायचं की बाजार ज्याकडे बघत नाही ते प्रश्न हाती घ्यायचे? मी दुसऱ्या बाजूचा आहे. मिशनच्या आणि राज्याच्या संशोधननिधीतला ठरावीक हिस्सा जीवशास्त्र आणि संगणक यांच्या संयुक्त कामासाठी बाजूला काढावा, ही माझी मागणी आहे.

उत्क्रांतीलाही भरपूर संगणन लागतंच की, असं कुणी म्हणेल. लागतं. शेकडो जाळी वाढवायची, प्रत्येकाची परीक्षा घ्यायची आणि हे पिढ्यान् पिढ्या करायचं. पण इथे एक मोठी सोय आहे. प्रत्येक जाळं स्वतंत्रपणे वाढतं आणि स्वतंत्रपणे तपासलं जातं, मशिनांना एकमेकांशी फारसं बोलावं लागत नाही. म्हणून हे काम साध्या पीसींवर वाटून देता येतं. आपल्या प्रत्येक कॉलेजात कॉम्प्युटर लॅब आहे आणि संध्याकाळी कुलूप लागल्यावर तिथले पीसी सकाळपर्यंत नुसते बसून असतात. कृमीएवढी, शे-तीनशे न्यूरॉनची जाळी वाढवायला ते पुरतात. हजारो जीपीयू नसलेल्या संस्थेला खऱ्या अर्थाने नवं काही शोधता येईल अशी फार थोडी क्षेत्रं या विषयात उरली आहेत. हे त्यांपैकी एक आहे.

आणि आपल्याला परंपरा नाही असंही नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टीफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक सुरू झाला, आणि १९६२ मध्ये त्याच संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभा केला, ज्यातून पुढे फळमाशीच्या मज्जासंस्थेच्या आनुवंशिकतेवर मोलाचं काम झालं. होमी भाभांना ही दोन कामं एका छताखाली नांदवण्यात काही वावगं वाटलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासने ‘धरणी’ नावाचा मानवी गर्भाच्या मेंदूचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला, ५,१३२ छेदांच्या प्रतिमा, पेशी दिसतील इतक्या बारकाईने. वाढणारा मेंदू गर्भात टप्प्याटप्प्याने कसा बदलतो, याची एवढी तपशीलवार सामग्री आपल्याच देशात तयार झाली आहे आणि ठाण्यातल्या मुलालाही ती उघडून बघता येते. खारघरला ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना नॉच आणि डब्ल्यूएनटी हे पेशींमधले संदेश रोजच्या ओळखीचे असतात, आणि गर्भात पेशीने काय व्हायचं हे ठरवण्यातही त्यांचाच हात असतो. ठाण्यात चेंदणी बंदर रस्त्यावर विद्या प्रसारक मंडळाच्या एकाच आवारात विज्ञान महाविद्यालयही आहे आणि पॉलिटेक्निकही. माणसं, सामग्री, जागा हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे.

अडतं ते प्रवेशाच्या नियमांपाशी. म्हणून पहिली दुरुस्ती तिथेच हवी. बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्याला जीवशास्त्र ठेवायचं असेल तर ते ठेवता आलंच पाहिजे, वेळापत्रकाची सबब सांगून ते नाकारता येऊ नये. ज्याला सगळं जीवशास्त्र पेलणार नाही त्याच्यासाठी पेशी, जनुकं, गर्भविकास आणि मज्जासंस्था एवढ्याच भागांचा ५० मार्कांचा पेपर असावा. मुलांवर ओझं वाढेल हे खरं आहे, आणि म्हणून त्या बदल्यात कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमातली घोकंपट्टी तेवढीच कमी करावी. प्रोग्रामची आज्ञावली पाठ करून लिहिण्याचे मार्क कुणाच्याही कामाचे नाहीत.

पदवीच्या पातळीवर जीवशास्त्राचे दोन आणि कॉम्प्युटरचे दोन विद्यार्थी मिळून एक प्रकल्प, असं सुरू करता येईल. कृमीच्या पेशींची वंशावळ उपलब्ध आहे, ३०२ न्यूरॉनच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ पासून उपलब्ध आहे. वाढीचे किती कमी नियम वापरून त्या नकाशाच्या किती जवळ जाता येतं, हा पहिल्या वर्षाचा प्रश्न होऊ शकतो. मूल्यमापन दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी मिळून करावं. आणि जाळं नीट वाढलं नाही, पण ते का वाढलं नाही हे विद्यार्थ्यांनी आकड्यांनिशी दाखवलं, तर त्यांना पूर्ण मार्क मिळावेत, असं विद्यापीठाने परिपत्रकातच लिहून द्यावं. सिद्दिकी आणि लुकास यांनी १९९८ मध्ये केलं ते काम याच जातीचं होतं. आपल्या परीक्षापद्धतीत अशा कामाला जागा नाही आणि ती करून दिल्याशिवाय कुठलाही विद्यार्थी या वाटेला जाण्याचा धोका पत्करणार नाही.